डांबर संपतं तिथून पुढची गाडी

हिंगणघाटहून हैदराबादच्या दिशेनं निघालं की वडनेर लागतं. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ इथूनच जातो आणि त्यावर कुठलीही गाडी सुसाट पळते. खरी परीक्षा डांबर सोडल्यावर. श्रावणातली पांदण, दोन्हीकडे पऱ्हाटी आणि मध्ये काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या नक्षीत गच्च बसते आणि चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरत राहतं. इथल्या पोराला ‘फोर बाय फोर’चं वेड रील पाहून लागलं असेलही, पण त्याची गरज शेताच्या वाटेवरच आहे.

खिसा मात्र नव्या थारचा नसतो.

अशा खिशाचं एक उदाहरण सांगली जिल्ह्यातलं. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव असलेल्या देवराष्ट्रे गावी दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातून छोटी जीप उभी केली. दुचाकीचं इंजिन, रिक्षाची चाकं, डाव्या बाजूला स्टिअरिंग आणि चालू करायला चक्क किक! खर्च साधारण ६० हजार रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ उद्योगपती आनंद महिंद्रा यांच्या नजरेस पडला. कौतुक करतानाच त्यांनी अडचणही सांगितली: ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल. बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांच्या दारात आली.

या गोष्टीत कमी पैशात गाडी बांधणाऱ्याला लागणारे दोन्ही धडे आहेत. कारागिरी स्वस्तात होते, कागद होत नाहीत. म्हणून शून्यापासून सुरुवात करण्यापेक्षा कागदपत्रं धड असलेली जुनी गाडी घेणं शहाणपणाचं.

जुन्या गाड्यांत दोन घराणी ओळखीची. महिंद्रानं १९४७ मध्ये मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली, त्या वंशातल्या जीपगाड्या. आणि १९८५ मध्ये आलेली मारुतीची जिप्सी. जिप्सीचं सुरुवातीचं पेट्रोल इंजिन जेमतेम ९७० सीसीचं, पण गाडी हलकी, आणि चिखलात हलकेपणा मोठा गुण. विलीसमध्ये ‘लो’चा दांडा टाकला की चाकाचा वेग सुमारे अडीचपट घटतो आणि ओढ तेवढीच वाढते. लहान इंजिनाची गाडीही चढण काढते, ती यामुळे.

फसवणूक रंगात असते. चकचकीत जीपखाली वाकून चासीवर हातोडी वाजवावी. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर आत गंज समजावा. फोर व्हील खरंच लागतं का, ते मातीत चालवून पाहावं. मग कमानपाटे, ब्रेक, शाफ्टचे क्रॉस. टायर त्यानंतर: मोठ्या फटींच्या नक्षीचे, म्हणजे माती झटकली जाते. लोखंडी बंपर, छतावरच्या दिव्यांची रांग, उंच केलेली बॉडी ही खरेदी यादीच्या तळाशी. बऱ्याचदा ती यादीतून गेली तरी बिघडत नाही.

तिथं कायदाही आड येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीची मूळ रचना मनाला येईल तशी बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठणकावलं. पुढच्या बुलबारवर तर केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच बोट ठेवलं होतं. १५ वर्षं झालेल्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क २०२२ मध्ये ६०० वरून ५ हजार रुपये झालं. तेव्हा सौदा ठरवताना एमएच-३२ च्या आरटीओ कार्यालयातला हा खर्चही मिस्त्रीच्या मजुरीशेजारी लिहावा.

सगळ्यात स्वस्त सुधारणा मात्र फुकट आहे. पांदणीत शिरण्याआधी टायरमधली तीसची हवा अठरा-वीसवर उतरवली, तर चाक पसरतं, जमिनीला जास्त टेकतं आणि कमी रुततं. परत महामार्गाला लागण्यापूर्वी ती भरावीच लागते, नाहीतर टायर तापतो. त्यामुळे अशा गाडीच्या डिकीत फावडं, ओढायचा पट्टा आणि त्यांच्यासोबत हवेचा पंप असतो.