कुत्रा डोक्यावर का चढतो?

फोनवर बोलणाऱ्याच्या कोपराखाली नाक खुपसून हात उडवणे, जेवणाऱ्याच्या मांडीवर पंजा मारत राहणे, चेंडू आणून पायाशी टाकणे आणि तो फेकेपर्यंत भुंकणे, काहीच जमले नाही तर कुणाचा तरी मोजा तोंडात धरून सगळ्यांदेखत पळणे, हे हट्टी कुत्र्याचे नेहमीचे उद्योग. त्यांचा अर्थही घरोघरी ठरून गेलेला असतो. कुत्र्याला म्हणे ‘अल्फा’ व्हायचे असते; तो घराची सत्ता बळकावू पाहतो; म्हणून त्याला वेळीच त्याची जागा दाखवावी. त्याच्याआधी माणसांनी जेवावे, दारातून आधी माणसांनी बाहेर पडावे, आणि फारच झाले तर त्याला उताणे पाडून दाबून धरावे. कित्येक प्रशिक्षक आजही हेच शिकवतात आणि त्याचे पैसे घेतात.

या मताचे मूळ कुत्र्यांत नाही, लांडग्यांत आहे. तेही कोंडलेल्या लांडग्यांत. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील कळपाचा होता. मोकळ्या रानात जी जनावरे वेगळी होऊन आपापल्या वाटेने गेली असती, ती एका कुंपणात अडकली की चढाओढ होणारच. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ‘द वुल्फ’ या पुस्तकाने ही कल्पना सर्वदूर नेली. पुढे मेक यांनी १९८६ पासून कॅनडाच्या एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे जवळून पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिले की रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असते. आईबाप आणि त्यांची मागच्या काही वर्षांतली पिल्ले, एवढाच त्याचा पसारा. तिथे ‘अल्फा’ म्हणजे बाप आणि आई. त्यांनी ते पद कुणाशी लढून मिळवलेले नसते. जुने पुस्तक छापणे थांबवा, अशी विनंती खुद्द लेखकानेच प्रकाशकाकडे केली. लांडग्यांबाबतच जे टिकले नाही, ते दिवाणखान्यातल्या लॅब्रेडॉरला लावण्यात काय हशील?

दोन कुत्र्यांत एका हाडावरून कोण मागे सरतो, एवढ्यापुरता वर्चस्वाचा विचार प्राणिशास्त्रात आजही होतो. पण ते त्या दोघांतले, त्या वेळचे नाते असते. कुत्र्याच्या डोक्यात शिजणारा कट नव्हे. सोफ्यावर केस नको असतील तर कुत्र्याला खाली बसवण्याचा नियम खुशाल ठेवावा, त्यासाठी सिंहासनाची भाषा लागत नाही.

उताणे पाडण्याचा उपाय मात्र निव्वळ निरुपयोगी नाही, धोक्याचा आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठातील साधूंच्या १९७८ च्या पुस्तकातून तो लोकप्रिय झाला. २००२ च्या आवृत्तीत त्यांनीच तो वगळला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील वर्तन-चिकित्सालयात आलेल्या १४० मालकांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांनी कुत्र्याला मारले किंवा लाथ घातली, त्यांच्यापैकी ४३ टक्क्यांना, आणि ज्यांनी उताणे पाडले, त्यांच्यापैकी ३१ टक्क्यांना कुत्र्याकडून आक्रमक उत्तर मिळाले. ही कुत्री आधीच अडचणीची होती हे खरे. पण जबरदस्तीचा सल्ला नेमका अशाच कुत्र्यांसाठी दिला जातो. ‘आमचा तर लगेच गप्प झाला’ हा दाखला नेहमी पुढे येतो. भ्यालेले जनावरही गप्प होते. गुरगुरल्यावर मार मिळतो हे कळलेला कुत्रा उद्या गुरगुरण्याची पायरी गाळून थेट चावू शकतो.

मग हे वागणे येते कुठून? घरातूनच. ज्या कृतीतून हवे ते मिळते ती कृती वाढते, हा थॉर्नडाइक आणि स्किनर यांनी प्रयोगांनी पक्का केलेला नियम कुत्र्याला पुरेपूर लागू आहे. त्याला हवे असते ते दर वेळी खाणेच असते असेही नाही. कोलकात्याच्या आयसरमधील अनिंदिता भद्र यांच्या गटाला भटक्या कुत्र्यांच्या अभ्यासात असे आढळले की अनोळखी माणसाने वारंवार खाऊ दिल्यापेक्षा कुरवाळल्याने त्यांचा विश्वास अधिक टिकतो. स्पर्शाची किंमत रस्त्यावरच्या कुत्र्याला इतकी, तर दिवसभर फ्लॅटमध्ये एकट्याने काढणाऱ्या कुत्र्याला केवढी असेल! म्हणूनच ‘नको रे’ म्हणणे, डोळे वटारणे, हाताने ढकलणे हे माणसाच्या हिशेबात रागावणे असते. कुत्र्याच्या हिशेबात बहुधा बोलणे, पाहणे आणि मस्ती. त्यात आजोबा नऊ वेळा ‘हट्’ म्हणतात आणि दहाव्या वेळी ताटातला पोळीचा तुकडा खाली सोडतात. कधीतरीच आणि अवचित मिळणारे बक्षीस सवय सर्वांत चिवट करते. लॉटरीचे तिकीट घेणारा हरूनही घेत राहतो तसे.

यावर शहाणा समजला जाणारा दुसरा सल्ला म्हणजे ‘सरळ दुर्लक्ष करा’. तो पहिल्यापेक्षा बरा, पण अर्धवट. बक्षीस अचानक बंद झाले की वागणे लगेच विझत नाही, आधी उसळते. पाच मिनिटे भुंकणारा कुत्रा पंधरा मिनिटे भुंकतो, शेजारी बेल वाजवतात, कुणीतरी हार मानून बिस्किट पुढे करते. एवढ्यावरून कुत्रा एकच गोष्ट शिकतो: पंधरा मिनिटे भुंकावे लागते. शिवाय काय करू नये हे कळले तरी काय करावे हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

सांगायचे ते मागणी होण्याआधी. फोन घेण्यापूर्वी खुर्चीपासून दोन हातांवर त्याची चटई अंथरावी. तो तिच्यावर बसला की काही न बोलता त्याच्या पुढच्या दोन पायांच्या मध्ये खाऊचा बारीकसा तुकडा ठेवावा. सुरुवातीला दर काही सेकंदांनी, मग अंतर वाढवत. तुकडे त्याच्या रोजच्या खाण्यातूनच काढावेत, नाहीतर हट्ट जाईल आणि वजन वाढेल. तो उठून पंजा मारू लागला तर हात, नजर, आवाज तिन्ही काढून घ्यावेत आणि चारही पाय जमिनीवर येताच पुन्हा द्यावेत. याला लाच म्हणणारे क्रम विसरतात: भुंकल्यावर गप्प करायला पुढे केलेले बिस्किट भुंकणे शिकवते, शांत बसल्यावर ठेवलेले बिस्किट शांत बसणे. आजोबांच्या ताटातला तुकडाही याच चटईवर मिळाला पाहिजे. घरात एकाचा नियम वेगळा असला की बाकीच्यांची मेहनत वाया जाते.

याने सगळेच सुटते असा दावा मात्र करू नये. लिफ्टने खाली नेऊन लघवी उरकली की वर, एवढ्याच फेरीवर ठेवलेला कुत्रा मागणी करणारच. त्याला रेंगाळून हुंगायला मिळणारे फिरणे हवे. ते मागणे रास्त आहे. सदैव बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवण्यात हयगय करणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये क्रूरतेत मोडते. आणि वर्षानुवर्षे शांत असलेला कुत्रा अचानक मागे-मागे फिरू लागला, रात्री कुईकुई करू लागला, तर चटई अंथरण्याआधी पशुवैद्य गाठावा. कान दुखणे, मूत्रमार्गाचा संसर्ग, सांधेदुखी, म्हातारपणी मंद झालेली नजर किंवा स्मृती यांतले काहीही त्यामागे असू शकते, आणि तिथे दुर्लक्ष करणे म्हणजे आजार अंगावर काढायला लावणे.