खो-खोतल्या 'वजीर'मुळे पळणाऱ्यांचा बचाव कसा बदलतोय?

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. १९ जानेवारीच्या अंतिम सामन्यात भारताच्या महिला संघाने नेपाळला ७८-४० असं हरवलं. संघाची कर्णधार होती मूळची बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्याची प्रियांका इंगळे.

हा सामना टीव्हीवर पाहताना अनेकांना प्रश्न पडला असेल की शाळेत आपण खेळलो तो खो-खो हाच का? नाव तेच आहे, पण नियम बरेच बदलले आहेत. त्यातला एक बदल थेट संरक्षणाच्या, म्हणजे पळतीच्या मुळावर येतो. तो म्हणजे 'वजीर'.

वजीर म्हणजे कोण?

बुद्धिबळाच्या पटावर वजीर कुठल्याही दिशेला जाऊ शकतो. खो-खोतल्या वजिराचंही तसंच आहे. आक्रमण करणाऱ्या संघातल्या या एका खेळाडूला दिशेचं बंधन नसतं. तो पुढे धावता धावता मागे फिरू शकतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगने ही भूमिका लोकांसमोर आणली आणि विश्वचषकातही ती दिसली.

जुना बचाव कशावर उभा आहे?

पारंपरिक खो-खोत आक्रमक संघाचे ८ खेळाडू पाटीवर बसतात आणि एक जण पाठलाग करतो. पळणारे तिघांच्या तुकडीने मैदानात येतात. पळणाऱ्याला बसलेल्या खेळाडूंच्या मधून हवं तसं इकडून तिकडे जाता येतं. पाठलाग करणाऱ्याला मात्र मध्यपाटी ओलांडता येत नाही. एकदा एका खांबाची दिशा धरली की त्या खांबापर्यंत मागेही फिरता येत नाही.

संरक्षणाचे डावपेच या बंधनाभोवतीच रचले गेले. पळणारा 'साखळी' धरतो, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळतो. किंवा 'रिंग' खेळतो, म्हणजे काही खेळाडूंभोवती गोल फिरत राहतो. दोन्हींचा हिशेब एकच. आक्रमकाला हुलकावणी देऊन त्याच्या पाठीमागे गेलं की क्षणभर निश्चिंत. आता त्याला खो द्यावा लागेल, नाहीतर खांबाला वळसा घालावा लागेल. त्या क्षणात पळणारा दम घेतो आणि पुढची चाल ठरवतो.

वजीर उठला की काय बिघडतं?

नेमकी ही पाठीमागची जागाच धोक्याची होते. हुलकावणी दिली तरी वजीर जागच्या जागी वळून हात लावू शकतो. त्यामुळे संरक्षकाला तीन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात.

पहिली, वजीर कुठे बसलाय याचं भान. त्याला खो मिळेपर्यंत तो बसलेलाच असतो. तो बसलाय त्या भागातून साखळी न्यायची की नाही, हे आधी ठरवावं लागतं.

दुसरी, अंतर. साध्या आक्रमकाला अगदी जवळ येऊ देऊन चकवणं हे चांगल्या पळतीचं लक्षण मानलं जातं. वजिरासमोर तेच अंगाशी येऊ शकतं.

तिसरी, तुकडीतला समन्वय. वजीर एकाच्या मागे लागला तर उरलेल्या दोघांनी कुठे उभं राहायचं? त्याच्या वळण्याच्या टप्प्यात राहिले तर एका खोमध्ये दोन गडी जाऊ शकतात.

शिवाय या प्रकारात ९ ऐवजी ७ जण आक्रमण करतात. पाटीवर बसणारे कमी, म्हणजे साखळीसाठीच्या फटीही कमी.

बचावातूनही गुण

नियमांनी पळणाऱ्यांकडून काही काढून घेतलं, तसं काही दिलंही. पारंपरिक खेळात संरक्षक जितका वेळ टिकेल तितके समोरच्याचे गुण अडतात, पण त्याच्या संघाच्या खात्यात काही जमा होत नाही. नव्या प्रकारात तुकडी ठरावीक वेळेपलीकडे टिकली की 'ड्रीम रन'चे गुण मिळतात. त्यामुळे सगळ्यात भरवशाचा संरक्षक कोणत्या तुकडीत ठेवायचा, हा निर्णय आता थेट धावफलकावर दिसतो.

अंतिम सामन्यातले आकडेच पाहा. या प्रकारात एक गडी बाद केला की २ गुण. नेपाळने आपल्या पहिल्या आक्रमणात २४ गुण घेतले, म्हणजे १२ गडी टिपले. शेवटच्या पाळीत त्यांना १६ गुणांवर, म्हणजे ८ गड्यांवर थांबावं लागलं. कारण भारताची चैत्रा बी. हिची तुकडी पाच मिनिटांहून जास्त टिकली. पाळीच सात मिनिटांची असते. त्या एका पळतीने भारताचे गुण ७३ वरून ७८ वर गेले. वजीर असूनही बचाव शक्य आहे, हे त्यातून दिसलं.

बीडच्या मुलींसाठी याचा अर्थ काय?

खो-खोचे नियम बांधण्याचं काम १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने सुरू केलं. तेव्हापासून हा खेळ मातीचा राहिला आणि त्याला खर्च जवळपास नाही. ऊसतोडीसाठी दरवर्षी हजारो कुटुंबं बाहेर पडणाऱ्या बीडसारख्या जिल्ह्यात म्हणूनच तो गावोगाव पोहोचू शकतो.

पण आता खेळाडूसमोर दोन वाटा आहेत. शालेय आणि राष्ट्रीय स्पर्धा मुख्यतः पारंपरिक नियमांच्या, वजिराशिवायच्या. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी असलेल्या ५ टक्के आरक्षणाचा आधार बहुतेकींना याच स्पर्धांतून मिळतो. भारताची जर्सी मात्र मॅटवरच्या, वजीर असलेल्या खेळातून मिळते.

मातीवर वर्षानुवर्षं घोटलेली पळती मॅटवर आपोआप चालत नाही. यावर एक उपाय मॅटशिवायही करता येतो. सरावात एका आक्रमकाला वेगळ्या रंगाचा टी-शर्ट देऊन मागे फिरायची मुभा द्यायची. पाठीमागची जागा सुरक्षित नाही, हे पायांना शाळेच्या मैदानातच कळलं, तर निवड चाचणीच्या दिवशी ते पहिल्यांदा शिकण्याची वेळ येणार नाही.