पाटीवरचे नाव, सातबाऱ्यावरचे नाव



सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याचे विमान सुरू झाले. आता विमानतळाला नाव कोणाचे, ही चर्चा पारावर रंगेल. रंगू द्या, पण नवी मुंबईची गोष्ट ध्यानात असू द्या. १९८४ साली तिथे जमिनीच्या हक्कासाठी लढताना पाच शेतकरी गोळीबारात गेले. तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची वाट मोकळी झाली. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील. तिथल्या विमानतळाला त्यांचेच नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २०२२ साली केला.

आपल्या बोरामणीच्या शेतकऱ्यांच्याही जमिनी विमानतळासाठी गेल्या. पाटीवर नाव कोणाचेही चढो. सातबाऱ्यावरून आपले नाव उतरण्याआधी मोबदल्याचा कागद घरात सर्वांनी मिळून वाचा.