सहीपूर्वीचा वकील

धार संस्थानाच्या कारकिर्दीत बदनावर हा एका परगण्याचा कसबा होता, आणि पवारांच्या राजवटीतील मोडी दफ्तराशी ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे त्यांना हे सांगावयास नको की, जमिनीचा पट्टा असो, इनाम असो वा कबुलायत असो, जे ठरले ते कागदावर उतरवून त्यावर साक्ष घालण्याची शिस्त त्या कारभारात मुरलेली होती. त्याच राजवटीबरोबर दक्षिणेतून माळव्यात आलेली आणि १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाल्यावरही येथेच राहिलेली जी मराठी घराणी आहेत, त्यांच्यात मात्र घर भाड्याने देण्याघेण्याचा व्यवहार बहुधा शब्दावरच चालत आला. वाड्याच्या मागच्या दोन खोल्या बदलून आलेल्या शिक्षकास किंवा बँकेतील कारकुनास द्यावयाच्या, त्याचे गाव व गणगोत विचारावयाचे, आणि पहिल्या तारखेस किराया हाती पडला की वर्षानुवर्षे कागदाचा विषयही काढावयाचा नाही, अशी ती रीत होती. तिच्यात माणुसकी होती हे मी नाकारीत नाही; परंतु ती परिचितांच्या जगात शोभणारी रीत होती, आणि ते जग आता बदनावरात उरणार नाही.

याचे कारण तहसिलीतील भैंसोला गावी आहे. केंद्र शासनाने देशात ज्या सात ठिकाणी ‘पीएम मित्र’ नावाची वस्त्रोद्याने काढण्याचे ठरविले, त्यांपैकी एक अमरावतीस व एक येथे आहे; दोन हजार एकरांहून अधिक विस्ताराच्या या उद्यानाचे भूमिपूजन १७ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. गिरण्या उभ्या राहतील त्या वेगाने राहोत. त्यांच्या आधी अभियंते, ठेकेदार, जोडारी, शिवणकाम करणाऱ्या मुली आणि त्यांची बिऱ्हाडे येतील, आणि ज्यांच्या गावाचा व गणगोताचा थांग लागणे शक्य नाही अशा माणसांना कसब्यातील खोल्या द्याव्या लागतील. अशा वेळी आपण काय करतो? मुद्रांकविक्रेत्याच्या संगणकात पूर्वीच तयार असलेला किरायानामा काढून घेतो, त्यातील जुनी नावे खोडून नवी घालतो, नोटरीचा शिक्का मारतो, आणि कायद्याचे काम झाले असे समजतो.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ या म्हणीचा आपल्या मध्यमवर्गाने असा काही अर्थ लावला आहे की वकिलाच्या ओसरीवर पाऊल ठेवणे हेही त्याला तंट्याचे लक्षण वाटते. आणि म्हणून लग्नाच्या याद्या चार जाणत्यांसमक्ष करणारे गृहस्थही, ज्या कागदावर स्वतःचे छप्पर अवलंबून आहे तो मात्र न वाचता सही करतात. वस्तुतः ती पायरी ज्याला चढावयाची नाही, त्यानेच आधी वकिलाकडे गेले पाहिजे.

अकरा महिन्यांचीच गोष्ट घ्या. अकराच महिने का, असे विचारल्यास ‘कायदाच तसा आहे’ असे उत्तर मिळते. कायदा एवढेच म्हणतो की एक वर्षाहून अधिक मुदतीचा किंवा वर्षावारी भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तऐवजानेच करता येतो; नोंदणीचा खर्च व खेप चुकविण्यासाठी लोकांनी अकरा महिन्यांची पळवाट काढली, आणि तिलाच कालांतराने कायद्याची प्रतिष्ठा आली. त्या पळवाटेच्या पोटात दुसरा भ्रम असा की बारावा महिना लागताच भाडेकरूचा हक्क संपून मालकास कुलूप घालण्याची मुभा मिळते. मुदत संपल्यावरही जो कब्जात आहे त्यास न्यायालयाच्या हुकमाखेरीज हुसकावता येत नाही, आणि तसे कोणी केलेच तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाखाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो कब्जा परत मागू शकतो. उलटपक्षी, पाच वर्षांचा पट्टा नोंदणीवाचून लिहिला म्हणजे सारेच मुसळ केरात जाते असेही नाही. अ‍ॅन्थनी विरुद्ध इट्टूप या २००० सालच्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की पाच वर्षांची शर्त अशा कागदाने सिद्ध होत नसली तरी कब्जा व भाडे यांच्या योगे महिनेवारी भाडेदारी निर्माण होऊ शकते. नोटरीचा शिक्का नोंदणीची जागा घेत नाही, हे यातून ओघानेच आले.

मराठी कुटुंबांपुरती एक निराळी आपत्ती आहे, आणि तिचा उल्लेख कोणी करीत नाही म्हणून मी थोडा विस्तार करतो. आपले आप्त पुण्यास, ठाण्यास, नाशकास असतात; त्यांच्याकडील ‘लीव्ह अँड लायसन्स’चा मसुदा भ्रमणध्वनीवरून येतो आणि तो मराठीत व सुबक असल्यामुळे तसाच्या तसा येथे उतरविला जातो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ अन्वये तेथे असा करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे, नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, आणि ती न केल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खरे धरले जाते. मुदत संपूनही न हटणाऱ्यास कलम २४ खाली सक्षम अधिकाऱ्यापुढे खेचून दुप्पट आकार मागता येतो. ही सारी तजवीज नर्मदेच्या या बाजूस लागू नाही. येथे त्या मसुद्यास ‘परवाना’ म्हटल्याने तो परवाना होत नाही. असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध कपूर या १९५९ च्या खटल्यापासून न्यायालये मथळा न पाहता उभयतांचा हेतू आणि जागेवरील अनन्य कब्जा पाहत आली आहेत. हीच गत केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरी कायद्याची: अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी हे त्यातील कलम सर्वांच्या तोंडी आहे, पण राज्याच्या विधानसभेने संमत केल्याखेरीज तो नुसता नमुना होय.

येथील कायदा म्हणजे मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१. आणि त्याचाही अंमल प्रत्येक वाडीवस्तीवर आपोआप बसत नाही, तर अनुसूचीतील शहरांत प्रथम व अन्यत्र शासनाच्या अधिसूचनेने बसतो. तेव्हा खोली नगरपरिषदेच्या हद्दीत आहे की भैंसोल्याच्या वाटेवरील एखाद्या खेड्यात, आणि त्या जागी तो अधिनियम लागू आहे काय, हा वकिलास विचारावयाचा पहिला प्रश्न. लागू नसेल तर निवासाची महिनेवारी भाडेदारी, करारात वेगळे नसल्यास, १८८२ च्या संपत्ती हस्तांतरण कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपते. लागू असेल तर मालकास कलम १२ मधील एखादे कारण सिद्ध करावे लागते. त्यांतील थकबाकीचे कारण मागणीची नोटीस पोचून दोन महिने भरणा न झाल्यास उद्भवते. दावा आल्यावर मात्र भाडेकरूने समन्स बजावल्यापासून एक महिन्यात बाकी जमा करून पुढे दरमहा १५ तारखेपर्यंत भाडे भरीत राहिले पाहिजे, नाहीतर त्याचा बचावच रद्द होऊ शकतो. सत्य आपल्या बाजूस असूनही केवळ तारीख चुकल्याने पक्ष गमावण्याची ही जागा आहे, आणि कोणत्याही छापील किरायानाम्यात तिचा इशारा नसतो. मालकांच्याही हिताचे एक प्रकरण याच कायद्यात आहे: विधवा, निवृत्त शासकीय सेवक, अपंग अशा मालकांना स्वतःच्या निकडीसाठी दिवाणी दाव्याऐवजी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जाता येते. वाड्यात एकट्या राहणाऱ्या किती वृद्ध स्त्रियांना हे ठाऊक असेल?

वकिलाची फी कोण देणार, असा आक्षेप येईल. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-क घातला, १९८७ साली विधिसेवा प्राधिकरण अधिनियम झाला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. त्याच्या कलम १२ प्रमाणे कोणतीही स्त्री, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आदिवासीबहुल धार जिल्ह्यात, गिरण्यांच्या दाराशी, भाड्याने राहणारे बहुसंख्य लोक याच वर्गांत मोडतील हे उघड आहे. अडचण एवढीच की कलम १२ दावा लावणाऱ्या वा दाव्यास उत्तर देणाऱ्या इसमाविषयी बोलते, आणि म्हणून मदतीची कल्पना खटल्याभोवती घोटाळत राहते. पण त्याच अधिनियमाच्या व्याख्येत ‘विधिसेवा’ या पदात कोणत्याही कायदेशीर बाबीवरील सल्ल्याचा स्पष्ट अंतर्भाव आहे. सहीपूर्वी किरायानामा वाचून देणे ही त्या व्याख्येतली सेवा होय. तिला खटल्याहून कमी लेखण्याचे कारण मला दिसत नाही.

म्हणून बदनावर न्यायालयाच्या तहसील विधिसेवा समितीस व येथील अभिभाषक संघास माझी विनंती आहे की त्यांनी आठवड्यातला एक दिवस केवळ किरायानामे वाचण्यासाठी मुक्रर करावा, त्याची सूचना मुद्रांकविक्रेत्यांच्या दुकानांवर व भैंसोल्याच्या फाटकाशी हिंदीत आणि भिलीत लावावी, आणि एक साधा, या राज्याच्या कायद्यास धरून असलेला मसुदा स्वतःच तयार करून विनामूल्य द्यावा. तोवर ज्याला आज सही करावयाची आहे त्याने कागद न्यायालयाच्या आवारातील समितीकडे न्यावा. राष्ट्रीय विधिसेवा प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.