मेलमधली मराठी नेमकी कुणाला वाचता येते?

मंडळी, परवा एका स्थानिक कार्यालयाची प्रेसनोट मेलवर आली. मोबाइलवर उघडली तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची नुसती खिचडी. फोन केला. साहेब म्हणाले, "आमच्याकडं तर बरोबर दिसतंय." शेवटी दुपारी ओळखीच्या डीटीपीवाल्याकडे जाऊन ती वाचली. घरपट्टीवर हरकती मागवल्या होत्या आणि मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती!

बिघाड मोबाइलचा नव्हता. कृतिदेव किंवा श्रीलिपीचे जुने फॉन्ट वापरले की कॉम्प्युटरमध्ये मराठी अक्षर साठतच नाही. साठतं इंग्रजी अक्षर, फॉन्ट त्याला फक्त मराठी चेहरा चढवतो. आणि साध्या मेलबरोबर फॉन्ट जात नाही, फार तर त्याचं नाव जातं. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो.

युनिकोडमध्ये 'क' हा 'क'च राहतो, फॉन्ट कुठलाही असो. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. केंद्र सरकारने २००९ साली ई-गव्हर्नन्ससाठी हेच प्रमाण ठरवलं. मग अजून अडलंय कुठं?

"ऑपरेटरचा हात जुन्या कीबोर्डवर बसलाय," हे उत्तर ठरलेलं. अहो, टाइपरायटरच्या पद्धतीचा कीबोर्ड युनिकोडमध्येही मिळतो. जुना मजकूर बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. बदलल्यावर एकदा डोळ्याखालून घातला की झालं.

काही जण यावर तोडगा म्हणून नोटिशीचा फोटोच मेलला चिकटवतात. तो दिसतो, पण नंतर शोधायला गेलं तर सापडत नाही. अंध व्यक्तीचा मोबाइल मेलमधला मजकूर वाचून दाखवतो, फोटोपुढे मात्र बहुतेक वेळा अडतो. आणि लाल-निळी, ठळक, तिरकी अक्षरं करून काय साधतं? सगळंच ठळक केलं तर मुदतीची तारीख उठून दिसणार कशी?

माझं म्हणणं एवढंच: जी नोटीस लोकांना वाचताच येत नाही, ती 'प्रसिद्ध केली' असं धरू नये. अशा वेळी मुदत वाढवून द्यावी. आणि साहेब, पुढची नोट पाठवण्याआधी स्वतःलाच एक मेल करा, तो स्वतःच्या मोबाइलवर उघडा. तुम्हाला वाचता आली, तरच आम्हाला पाठवा.

तुमच्याकडेही असे मेल येतात का? जरूर सांगा.