शिकाऊ वकिलाचा पगार कोणी द्यावा?



अप्रेंटिस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वर्कशॉपमधला, हाताला ग्रीस लागलेला पोरगा उभा राहतो. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने त्याला स्टायपेंड ठरवून दिला. त्याच कायद्याच्या १८ व्या कलमाने तो कामगार नव्हे, शिकाऊ आहे, असेही लिहून ठेवले, आणि त्या एका कलमाच्या आडोशाने प्रशासन त्याला राबवून घेत आले. २० मार्च २०१८ रोजी माटुंगा-दादर दरम्यान हे अप्रेंटिस रुळांवर बसले, मुंबईची लोकल थांबली, तेव्हा देशाला कळले की असा एक वर्ग रेल्वेत आहे.

पण आणखी एक अप्रेंटिस आहे. तो काळा कोट घालतो. आपली चार्जशीट, आपले बडतर्फीचे आदेश, आपल्या विधवा भगिनींच्या पेन्शनचे कागद तोच लावतो, टाईप करून घेतो, झेरॉक्स काढतो, कोर्टात तारीख घ्यायला उभा राहतो. त्याला महिन्याकाठी काय मिळते, हे आपल्या एकाही अधिवेशनात कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सदर लेख त्याच्याविषयी आहे, आणि तिच्याविषयीही, कारण आता या कामात मुली बऱ्याच आहेत.

युनियनच्या कामानिमित्त आमचे बनारसला जाणे झाले. दिवस बैठकीत गेला, संध्याकाळी मुन्शी घाटावर जाऊन बसलो. दशाश्वमेधाच्या दक्षिणेला अहिल्याबाई घाट आणि त्याला लागूनच हा. नागपूरकरांच्या पदरी असलेले मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी तो बांधविला, म्हणून हे नाव. पुढे १९१५ मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी त्यातला भाग विकत घेतला आणि तो दरभंगा घाट झाला. होळकर, शिंदे, भोसले असे मराठी हात काशीच्या घाटाघाटांवर आहेत, त्यातलाच हा एक. गंमत अशी की तिकडच्या कचेरीत वकिलाच्या कारकुनालाही मुन्शीच म्हणतात. मोठा मुन्शी घाटाला नाव देऊन गेला, छोटा मुन्शी आजही कचेरीच्या आवारात बाकड्यावर वकीलपत्रे लिहितो.

तेथे आमच्याबरोबर बनारसच्या एका वकील कार्यालयातील दोन शिकाऊ वकील आले होते. कार्यालयाचे नाव येथे देत नाही, कारण त्यांनी ते मागितले नाही. विणकर, नावाडी, सफाई कामगार, स्टेशनवरचे कंत्राटी मजूर यांच्या केसेस हे कार्यालय जमेल त्या फीमध्ये चालवते. मुलगा बनारसमधल्याच जुन्या मराठी घराण्यातला, ब्रह्मा घाटाकडचा. त्याची मराठी हिंदीच्या वळणाची, पण गोड. मुलगी बलियाकडची. दोघेही बनारस हिंदू विद्यापीठातून कायदा शिकलेले. या विद्यापीठाचे येथे स्मरण केले पाहिजे, कारण विद्यार्थ्यांना कोर्टात नेणे, लीगल एड क्लिनिकमध्ये बसविणे, वकिलाच्या चेंबरमध्ये काम करायला लावणे हा अभ्यासक्रम आपल्या देशात प्रथम १९७० नंतरच्या वर्षांत याच विद्यापीठाने सुरू केला.

आम्ही विचारले, "कॉलेजात नाही आणि इथे मिळाले, असे काय शिकलात?"

मुलगी म्हणाली, "चाचाजी, पहिले चार महिने मी कायदा शिकलेच नाही. मी नावे शिकले." मग तिने सांगितले ते असे. एका रेल्वे खलाशाची विधवा फॅमिली पेन्शनसाठी आली. सर्व्हिस बुकात तिचे नाव एक, आधार कार्डावर दुसरे, रेशन कार्डावर तिसरे, आणि बँकेत माहेरचे. कलम लावण्यासारखे तेथे काही नव्हते. गावच्या प्रधानाकडे, शाळेत, बँकेत, पर्सोनेल ऑफिसात ही मुलगी महिनोन्‌महिने फिरली आणि ही चारही नावे एकाच बाईची आहेत, हे कागदाने शाबीत केले. सीनियरने कोर्टात जावेच लागले नाही. असे काम कोणत्याही निकालपत्रात छापून येत नाही.

दुसरी हकीकत स्टेशनवर झाडू मारणाऱ्या बायकांची. कंत्राटदार बदलला, जुना पसार झाला, पगार बुडाला. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या २१ व्या कलमात स्पष्ट होते की कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती मुख्य मालकाने द्यायची. कायदा बायकांच्या बाजूचा, पण त्या तेथे कामाला होत्या याला पुरावा काय? हजेरीपट कंत्राटदाराबरोबर गेलेला. बायका रात्रपाळीच्या, दिवसा घरकामाला जाणाऱ्या, म्हणून ही मुलगी रात्री दोन वाजता प्लॅटफॉर्मवर जाऊन बसायची. एकीच्या मुलाने कधीतरी हजेरीच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला होता, तो तिसऱ्या रात्री सापडला. "आमच्या सरांनी मला ड्राफ्टिंगबद्दल कधी शाबासकी दिली नाही, त्या फोटोबद्दल दिली," असे ती हसून म्हणाली. रात्री घरी परत कशी जायची, असे आम्ही विचारले. "पहाटेपर्यंत वेटिंग रूममध्ये," ती म्हणाली. रिक्षाचे भाडे कोण देणार?

मुलाचा अनुभव कडू होता, आणि तो आपल्या पोस्टातील बांधवांनी नीट ऐकावा. एका ग्रामीण डाक सेवकाला पुट ऑफ ड्यूटी केले, नंतर काढून टाकले. त्याने अर्जामागून अर्ज केले. साहेब म्हणाले बघू, पुढारी म्हणाले बघू. तीन वर्षांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन तो या कार्यालयात आला. डाक सेवक (तेव्हाचे ई.डी. एजंट) हे नागरी पद धारण करतात, त्यांना घटनेचे संरक्षण आहे, हे सुप्रीम कोर्टाने राजम्मा खटल्यात १९७७ सालीच सांगितले आहे. म्हणजे बाजू उभी होती. पण १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्यात मुदत आहे. अंतिम आदेशापासून एक वर्ष. अपील केले आणि उत्तर आले नाही तर सहा महिने थांबायचे आणि त्यापुढे एक वर्ष. पुन्हापुन्हा अर्ज दिल्याने ही मुदत वाढत नाही. उशीर माफ करावा, अशी विनंती करण्यावाचून मार्ग उरला नाही. त्या माणसाला हे समजावून सांगण्याचे काम सीनियरने या मुलाकडे दिले. मुलगा म्हणाला, "काका, त्याने मला एकच विचारले, हे मला आधी कोणी का नाही सांगितले?"

कॅटच्या अर्जाची फी नियमात ५० रुपये आहे. स्वतः उभे राहण्याची मुभा आहे. खर्च फीचा नाही, खर्च आहे वेळेवर कागद वाचणाऱ्या माणसाचा.

आपण युनियनवाले खात्याच्या चौकशीत डिफेन्ससाठी बसतो. रेल्वेत १९६८ चे शिस्त व अपील नियम, पोस्टात १९६५ चे. तेथे सहसा वकिलाला प्रवेश नाही, ते क्षेत्र आपले. पण चौकशीत आपण जो कागद तयार करतो त्यावरच पुढे ट्रायब्युनलची इमारत उभी राहते. या दोघांनी आम्हाला सांगितले की युनियनकडून येणाऱ्या फायलींत साक्षीदाराची उलटतपासणी असते, घोषणाही असतात, पण आदेश हाती पडल्याची तारीख नसते! प्रत्येक ब्रँच सेक्रेटरीने हे आपल्या भिंतीवर लावावे, एवढेच म्हणतो आणि पुढे जातो.

आता पैशाकडे येऊ. या दोघांना महिन्याला मिळते ते चहा-रिक्षापुरते. सीनियर वाईट माणूस नाही. त्याच्या कार्यालयाची मिळकतच तेवढी. मुलाचे घर बनारसमध्ये आहे, तो टिकेल. मुलगी भाड्याच्या खोलीत राहते, संध्याकाळी शिकवण्या घेते, आणि सरकारी परीक्षेचा फॉर्म भरून बसली आहे. म्हणजे जिने तो फोटो शोधून काढला तीच जाणार. आम्हाला तेथे जे खटकले ते हेच. गरिबांच्या केसेस चालविण्याचे काम अशा रीतीने ज्यांच्या बापाचे घर आहे त्यांच्यापुरते उरते. आपल्यातील कितीतरी ट्रॅकमनची, पोस्टमनची मुले आज एल्‌एल.बी. होत आहेत. बापाच्या खात्याचे नियम त्यांनी घरात बसून ऐकलेले असतात. त्यांना या कामात टिकता येत नाही, कारण पहिली तीन-चार वर्षे त्यांना पोसणारे कोणी नाही.

यावर ठराविक उत्तर येते. वकिली ही विद्या आहे, गुरूच्या घरी शिकायचे असते, त्याचा पगार कसला? बंधूंनो, हे वाक्य आपण कोठे ऐकले आहे? वर्कशॉपच्या अप्रेंटिसबद्दल प्रशासन हेच बोलत होते. इंग्लंडात तर एके काळी सॉलिसिटरच्या हाताखाली शिकणारा आर्टिकल क्लार्कच उलट फर्मला पैसे मोजत असे, आणि त्यामुळे त्या धंद्यात मजुराचा मुलगा शिरत नसे. पुढे ते पालटले. दोन वर्षांचा प्रशिक्षणाचा करार, त्याला पगार, आणि २०१४ पर्यंत तर नियामक संस्थेने ठरविलेले किमान वेतनही होते.

त्याच देशातले आणखी एक उदाहरण आपल्या जास्त जवळचे आहे. टॅफ व्हेल रेल्वे कंपनीने संपाबद्दल रेल्वे कामगारांच्या युनियनवर दावा लावला आणि १९०१ च्या निकालानंतर युनियनला २३,००० पौंड भरपाई द्यावी लागली. कायदा बदलायला १९०६ साल उजाडले. कामगारांना स्वतःचे वकील हवेत, हा धडा त्या चळवळीने घेतला. १९२१ मध्ये डब्ल्यू. एच. थॉम्पसन यांनी लंडनमध्ये कार्यालय काढले. पहिल्या महायुद्धात लष्करभरतीला नकार देऊन तुरुंगात गेलेला हा माणूस. मालकांचे काम घ्यायचे नाही, कामगारांचे आणि युनियनचेच घ्यायचे, या नेमावर ती फर्म शंभर वर्षे उलटून गेली तरी उभी आहे. ती टिकली याचे कारण युनियन तिला नियमित काम आणि नियमित पैसा देत राहिल्या. नुसत्या सद्‌भावनेवर शंभर वर्षे कोणी काढत नाही.

आपल्याकडेही धागा आहे. मुंबईत १९८१ मध्ये इंदिरा जयसिंग आणि आनंद ग्रोव्हर यांनी लॉयर्स कलेक्टिव्ह स्थापन केले. फुटपाथवर राहणाऱ्यांचा ओल्गा टेलिस खटला, ज्याचा निकाल १९८५ मध्ये लागला, त्यात इंदिराबाई उभ्या होत्या. १९८५ मध्येच इंदरपाल यादव खटल्यात रेल्वेच्या प्रोजेक्टवरील कॅज्युअल मजुरांना कायम करण्याची योजना सुप्रीम कोर्टाने मान्य केली, आणि ती १ जानेवारी १९८४ ऐवजी १ जानेवारी १९८१ पासून लावली. तीन वर्षांच्या या फरकाने कितीतरी घरांत चूल पेटली. निकालपत्रात नावे मोठ्या वकिलांची असतात. मस्टरचे कागद कोणी जुळविले, हे तेथे लिहीत नाहीत.

जून २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टाने तामिळनाडूतील ज्युनियर वकिलांना किमान स्टायपेंड देण्याविषयी आदेश दिला. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढले, शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. शिफारशीची किंमत वेतन आयोग पाहिलेल्या माणसाला सांगायला नको.

कोणी म्हणेल, सरकारची मोफत कायदा मदत आहे ना? आहे. घटनेत ३९-अ कलम आले १९७६ च्या दुरुस्तीने, १९८७ चा कायदा अमलात आला १९९५ मध्ये, आणि त्याच्या १२ व्या कलमात औद्योगिक कामगाराचे नाव स्वतंत्रपणे लिहिले आहे, उत्पन्नाची अट न घालता. त्याचा उपयोग करून घ्यावाच. परंतु तेथे मिळणाऱ्या वकिलाला मायनर पेनल्टी आणि मेजर पेनल्टीतला भेद आपणच समजावून द्यायचा असेल, तर तारीख त्यातच जाते. त्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये २९ जुने कामगार कायदे जाऊन चार संहिता लागू झाल्या. वर सांगितलेला कंत्राटी कामगार कायदाही त्यातच गेला. प्रत्येक जुने कलम कोठे गेले, काय वगळले, हे बसून शोधायला तरुण डोळे आणि रिकामा वेळ लागतो. फुकटात ते होणार नाही.

म्हणून आमच्या ब्रँचने ठराव केला आहे, तो येथे मांडतो. डिव्हिजनच्या कायदा निधीतून एका शिकाऊ वकिलाला बार कौन्सिलच्या परिपत्रकातील दराने दोन वर्षे स्टायपेंड द्यावा. पैसे सीनियरच्या हाती न देता थेट त्याच्या किंवा तिच्या खात्यात जमा करावेत. निवडीत चतुर्थ श्रेणी आणि डाक सेवकांच्या मुलामुलींना प्राधान्य असावे, आपल्या पुढाऱ्यांच्या नातेवाइकांना नसावे. (हे वाक्य ठरावात घालताना सभेत बराच गोंधळ झाला, तरी ते राहिले.) बदल्यात आठवड्यातून एक दिवस युनियन ऑफिसात बसून आलेल्या प्रत्येक आदेशाची तारीख वहीत चढवावी आणि मुदत कधी संपते ते लाल शाईने लिहावे. मुलगी असेल तर रात्रीच्या कामाचे रिक्षाभाडे वेगळे.

खजिनदारांचा आक्षेप आहे की वर्गणीचा पैसा सभासदासाठी आहे, वकिलाच्या पोरासाठी नाही. त्यांना आम्ही एवढेच विचारले की मागील तीन वर्षांत मुदत संपल्यामुळे आपल्या किती केसेस गेल्या, त्याचा आकडा काढा. तो आकडा काढण्याचे काम सुरू आहे. पोस्टातील मित्रांनी आपापल्या डिव्हिजनचा आकडा काढून पाठवावा, म्हणजे पुढील जनरल कौन्सिलपुढे दोन्ही एकत्र ठेवता येतील.