विश्लेषण : खोक्यावर ‘डॉल्बी अ‍ॅटमॉस’, मग आवाज डोक्यावरून का येत नाही?

३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पण टीव्ही जितका पातळ, तितकी त्यातील स्पीकरला जागा कमी. म्हणून टीव्हीबरोबर साउंडबारचीही चौकशी होते. काही हजारांच्या खोक्यावर ‘डॉल्बी अ‍ॅटमॉस’ असते आणि लाखाच्या खोक्यावरही तेच. मग फरक कशाचा?

अ‍ॅटमॉस म्हणजे नेमके काय?

‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर १९९२ मध्ये डॉल्बी डिजिटल चित्रपटगृहांत आले. पुढच्याच वर्षी ‘ज्युरासिक पार्क’ने डीटीएस आणले. या ५.१ पद्धतीत समोर तीन, बाजूला वा मागे दोन स्पीकर आणि घुमणाऱ्या आवाजांसाठी एक सबवूफर असतो. कोणता आवाज कुठल्या स्पीकरला जाणार, हे स्टुडिओतच ठरते. २०१२ मध्ये ‘ब्रेव्ह’पासून आलेल्या अ‍ॅटमॉसने हे बदलले. हेलिकॉप्टरचा आवाज एखाद्या ठरावीक स्पीकरला बांधून न टाकता त्याची जागा आणि उंची नोंदवून ठेवता येते. तो कुठून वाजवायचा, हे घरातले यंत्र आपल्याकडचे स्पीकर पाहून ठरवते.

मेख इथेच आहे. दोनच स्पीकर असलेला साउंडबारही ही नोंद वाचू शकतो, त्यामुळे शिक्का त्यालाही मिळतो. खोक्यावरच्या नावापेक्षा आकडे पाहावेत ते यासाठी. ५.१.२ मधील शेवटचा २ म्हणजे उंचीच्या आवाजासाठी दोन स्पीकर. तिसरा आकडाच नसेल, तर उंचीचा आवाज गणिताने ‘भासवला’ जातो. दोन्ही कानांवर आवाज किंचित वेगळ्या वेळी आणि वेगळ्या पोताने पडतो, त्यावरून मेंदू दिशा ओळखतो. प्रोसेसर त्याचीच नक्कल करतो. समोर मधोमध बसलेल्याला हे थोडेफार जाणवते, सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला फारसे नाही.

छताचा काय संबंध?

बहुतेक साउंडबारमधील उंचीचे स्पीकर वर तोंड करून असतात. त्यांचा आवाज छतावर आपटून खाली येतो. त्यासाठी छत सपाट, कडक आणि साधारण साडेसात ते बारा फुटांवर हवे. फ्लॅटमधील सिमेंटचा स्लॅब याला उत्तम. कौलारू उतरते छप्पर किंवा आवाज शोषणारे फॉल्स सीलिंग असेल, तर त्या स्पीकरसाठी मोजलेले पैसे बहुतांशी वाया जातात. दुकानातल्या डेमोत हे कळत नाही.

तार आणि सेटिंग

ओटीटीवरील अ‍ॅटमॉस साधारणपणे ‘डॉल्बी डिजिटल प्लस’ या आकुंचित स्वरूपात येते. नेटफ्लिक्सवर त्याची कमाल मर्यादा ७६८ केबीपीएस आहे, आणि तेही प्रीमियम प्लॅन असेल तरच. ते टीव्हीच्या साध्या एचडीएमआय एआरसी पोर्टमधूनही जाऊ शकते. ‘ईएआरसी’ लागते ते ब्लू-रेवरील ‘ट्रूएचडी’सारखा, काहीही न गाळलेला ध्वनी टीव्हीमार्गे न्यायचा असेल तेव्हा. फक्त ओटीटी पाहणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. ऑप्टिकल तारेने मात्र जुने डॉल्बी डिजिटल ५.१ जाते, अ‍ॅटमॉस नाही. अनेक घरांत तार बरोबर असते. पण टीव्हीचा ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’वर राहिलेला असतो आणि एआरसीवरून फक्त स्टिरिओ पोहोचतो.

संवाद का दबतात?

ही तक्रार सर्वाधिक ऐकू येते. ५.१ मध्ये संवाद प्रामुख्याने मधल्या स्पीकरसाठी असतात. तो नसला की ते डाव्या-उजव्या आवाजात मिसळतात आणि पार्श्वसंगीत त्यांना गिळते. शिवाय चित्रपटाचा आवाज थिएटरच्या हिशेबाने कुजबुजीपासून स्फोटापर्यंत ताणलेला असतो. रात्री शेजाऱ्यांचा विचार करून आवाज कमी केला, की आधी कुजबुजच जाते. ‘नाइट मोड’ हे अंतर कमी करतो. पण मधला स्वतंत्र स्पीकर असलेला ३.१ साउंडबार, अ‍ॅटमॉसशिवायही, मालिका आणि बातम्या पाहणाऱ्या घराला अनेकदा जास्त उपयोगी पडतो.

जुन्या चित्रपटांचे गणित निराळे. त्यांचा मोनो वा स्टिरिओ ध्वनी ‘सराउंड’ मोडमध्ये टाकल्यास यंत्र अंदाजाने तो चहूकडे पसरवते. कधी बरे वाटते, कधी गायकाचा आवाज पोकळ होतो. तेव्हा मोड ‘स्टँडर्ड’ ठेवावा. साउंडबारला सध्या कोणता फॉरमॅट मिळतो आहे, हे अनेकदा त्याच्या पट्टीवर किंवा अ‍ॅपमध्ये दिसते.